अमेरिकेत नवीन आलात? शिवी, धमकी आणि अंगावर आलेली गाडी: काय करायचं, कुणाला सांगायचं

मी इथे आलो त्याच्या तिसऱ्याच महिन्यातली गोष्ट. किराणा घेऊन पार्किंग लॉटमधून बसस्टॉपकडे चाललो होतो, दोन्ही हातात पिशव्या, तेवढ्यात एक पिकअप ट्रक बाजूला येऊन हळू झाला, काच खाली, आतून शिव्या आणि "तुझ्या देशात परत जा", आणि मग त्याने स्टिअरिंग सरळ माझ्याकडे वळवलं. मी दोन उभ्या गाड्यांच्या मधे घुसलो, तो निघून गेला. पोलिसांना फोन केला, ऑफिसर आला, शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, नेमके शब्द काय होते? गाडी किती जवळ आली? चाकं तुझ्याकडे वळलेली होती का? मी आपला शिव्यांबद्दलच बोलत राहिलो कारण लागलं होतं ते तेच. नंबर प्लेट बघितली नव्हती, गाडी काळी का गडद निळी तेही सांगता येईना. तो म्हणाला, नुसतं बोलल्याबद्दल मी त्याला हात लावू शकत नाही, गाडी अंगावर घातली असेल तर लावू शकतो, पण त्यासाठी मला काहीतरी दे. माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं.

तेव्हा वाटलं, हा टाळतोय. नंतर वाचत गेलो, लोकांशी बोललो, तेव्हा कळलं की त्याने मला दोन वाक्यात इथला अख्खा कायदा सांगितला होता. नवीन येणाऱ्यांना तो आधी माहीत असावा म्हणून हे लिहितोय. मी वकील नाही, तुमच्या केससाठी वकीलच गाठा, पण वकिलापर्यंत पोचेपर्यंत हातात काय असायला हवं ते सांगू शकतो.

पहिलं काम: भारतातली सवय बाजूला ठेवा

आपण ज्या कायद्यात वाढलो त्यात बोलणं हाच गुन्हा असू शकतो. दोन समाजात वैर पसरवणारं बोललात तर पूर्वी दंडसंहितेचं कलम १५३ए, आता १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम १९६. धर्मभावना दुखावल्या तर पूर्वी २९५ए, आता २९९. त्यामुळे आपल्याला वाटतं की कुणी आपल्या देशाबद्दल, धर्माबद्दल, रंगाबद्दल घाण बोललं की पोलीस त्याला उचलणार. अमेरिकेत असं होत नाही. इथे 'हेट स्पीच' नावाचा वेगळा गुन्हाच नाही. २०११ मधे सुप्रीम कोर्टाने, मेलेल्या सैनिकाच्या अंत्यविधीच्या वेळी बाहेर उभं राहून किळसवाणे फलक दाखवणाऱ्या एका चर्चच्या बाजूने निकाल दिला, ८ विरुद्ध १. म्हणजे बघा.

कॅनडात राहणाऱ्यांनी मात्र हे जसंच्या तसं घेऊ नका, तिथे द्वेष पसरवणारं बोलणं काही मर्यादेपलीकडे गुन्हा आहे आणि १९९० मधे त्यांच्या सुप्रीम कोर्टाने तो कायदा टिकवला. बॉर्डरच्या अलीकडे एक नियम, पलीकडे दुसरा. मी इथे फक्त अमेरिकेचंच सांगतोय.

मग बोलणं गुन्हा कधी होतं?

मुख्य दोन जागा लक्षात ठेवा. एक म्हणजे तिथल्या तिथे हिंसा घडवण्यासाठी भडकावणं. १९६९ मधे ओहायोच्या ब्रँडनबर्ग नावाच्या, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या पुढाऱ्याची केस होती, कोर्टाने सांगितलं की हिंसेचं नुसतं समर्थन केलं म्हणून शिक्षा नाही, पण बोलण्याचा हेतूच ताबडतोब बेकायदा कृती घडवण्याचा असेल आणि ती घडण्याची शक्यताही असेल, तर संरक्षण नाही. "यांना हाकलून द्यायला पाहिजे" असं स्टेजवरून ओरडणं आणि जमावाला "हा बघा इथे उभा आहे, मारा याला" म्हणणं यातला हा फरक.

दुसरी जागा खरी धमकी. २००३ मधे व्हर्जिनियाच्या केसमधे कोर्टाने म्हटलं की घाबरवण्याच्या हेतूने क्रॉस जाळणं (क्लॅनची दहशत बसवण्याची जुनी रीत) यावर बंदी घालता येते. २०२३ मधे कोलोरॅडोच्या केसमधे आणखी एक अट आली, की समोरच्याला हे धमकी म्हणून लागेल याची निदान जाणीव असूनही बोलणारा बेफिकीर होता हे दाखवावं लागतं. आपल्यासाठी याचा व्यवहारातला अर्थ असा, की एखाद्याला एकदा "असे मेसेज पाठवू नकोस, मला भीती वाटते" असं लेखी सांगितलंत आणि तरी तो पाठवत राहिला, तर तुमची बाजू भक्कम होते. हे एक वाक्य पाठवून ठेवा, मग पुढे वाद घालू नका, ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या ज्यात तारीख आणि अकाउंटचं नाव दोन्ही दिसेल.

"तुझ्या देशात परत जा" हे वाक्य एकटं असेल तर बहुतेक वेळा गुन्हा नाही. माहितीये, राग येतो. पण "परत जा नाहीतर उद्या तुझ्या घरासमोर गाडी घेऊन येतो" हे वेगळं प्रकरण आहे.

शब्द पुरावा होतात, ही खरी गोष्ट

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. हेट क्राइम म्हणजे नुसता द्वेष नाही. आधी गुन्हा हवा, मारहाण, तोडफोड, धमकी, गाडी घालणं, खून, आणि तो गुन्हा तुमचा रंग, धर्म, मूळ देश वगैरे बघून केलाय हे सिद्ध व्हायला हवं. आणि ते सिद्ध कशाने होतं? त्याच्या शब्दांनी. १९९३ मधे विस्कॉन्सिनच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की द्वेषापोटी केलेल्या गुन्ह्याला जास्त शिक्षा देणं चालतं आणि हेतू दाखवायला आरोपीचं बोलणं कोर्टात आणता येतं. त्या केसमधे मार खाणारा गोरा मुलगा होता आणि आरोपी काळा तरुण, म्हणजे हा कायदा एकाच बाजूचा नाही.

शार्लट्सव्हिल बघा. १२ ऑगस्ट २०१७, व्हर्जिनिया. गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याच्या पुतळ्यावरून मोर्चा ठेवला होता. शहराने त्यांची जागा बदलायला सांगितली तर नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयूनेच आयोजकाच्या बाजूने कोर्टात उभं राहून त्यांना ती जागा मिळवून दिली, आदल्या संध्याकाळी जजने आदेश दिला. इथपर्यंत सगळं फ्री स्पीच. दुसऱ्या दिवशी दुपारी ओहायोहून आलेल्या वीस वर्षांच्या जेम्स फील्ड्सने आपली डॉज चॅलेंजर फोर्थ स्ट्रीटवर विरोधकांच्या गर्दीत घातली. बत्तीस वर्षांची हेदर हायर गेली, कितीतरी जण जखमी झाले.

त्याच वर्षी मे महिन्यात त्याने इन्स्टाग्रामवर आंदोलकांच्या गर्दीत घुसणाऱ्या गाडीचं मीम टाकलं होतं. मोर्चाला निघताना आईने सांभाळून राहा असा मेसेज केला, तर त्याने उलट, सांभाळायची गरज आम्हाला नाही असं लिहून सोबत हिटलरचा फोटो पाठवला. त्या दिवशी त्या मीमबद्दल कुणी त्याला पकडलं नसतं, पकडू शकलंही नसतं. पण गाडी घातल्यानंतर तेच मीम आणि तोच मेसेज ज्युरीसमोर आले. तो म्हणत होता मी घाबरून गाडी पळवली, ज्युरीने मानलं नाही. फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टात त्याने २९ हेट क्राइम कबूल केले, एक हेदरचा आणि २८ जखमींचे, आणि जन्मठेप झाली. राज्याच्या कोर्टात वेगळी जन्मठेप आणि वर ४१९ वर्षं.

जॉर्जियात फेब्रुवारी २०२० मधे धावायला निघालेल्या अहमॉद आर्बरीला दोन पिकअप ट्रकनी पाठलाग करून अडवलं आणि गोळी घातली. तिथेही फेडरल केसमधे तिघांचे जुने मेसेज आणि पोस्ट वाचून दाखवले गेले आणि २०२२ मधे हेट क्राइमचा दोष लागला. आणि उलट उदाहरण, विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशाची नोव्हेंबर २०२१ मधली ख्रिसमस परेड, गाडीखाली सहा जण गेले, ड्रायव्हरला खुनांबद्दल जन्मठेप झाली, पण हेट क्राइमचा आरोप नव्हता. गाडी गर्दीत घातली म्हणजे आपोआप हेट क्राइम असं होत नाही.

म्हणून सांगतो, शब्द सोडून देऊ नका. ते एकटे कामाचे नसतील तरी लिहून ठेवा, जसेच्या तसे, शिवीसकट. "त्याने काहीतरी वंशवादी बोललं" असं रिपोर्टमधे लिहू देऊ नका. नेमका शब्द लिहायला लाज वाटते, आपल्याकडे तर आणखीच, पण सभ्य करून सांगितलेली शिवी पुराव्यातून निसटते.

गाडी अंगावर आली तर, त्या क्षणी

मागे वळून पळत रस्त्याच्या सरळ रेषेत जाऊ नका, गाडी तुमच्यापेक्षा वेगवान आहे. बाजूला व्हा, आणि काहीतरी जाड मधे घ्या, खांब, झाड, भिंत, उभी गाडी. साइडवॉक म्हणजे फूटपाथ नसेल तिथे रोजच समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला म्हणजे डावीकडून, आपण भारतातही डावीकडे चालत असलो तरी इथे कारण वेगळं आहे, इथे गाड्या उजवीकडून जातात म्हणून डावीकडे चाललं की समोरची दिसते. कानात दोन्ही इअरफोन नकोत.

नंतरच्या अर्ध्या मिनिटात एकच गोष्ट करायची, नंबर प्लेट मोठ्याने बोलायची. फोनचा रेकॉर्डर चालू करून बोललात तर उत्तम, नाहीतर नुसतं तोंडाने दोनतीनदा म्हणत राहा. पूर्ण नाही मिळाला तर पहिली तीन अक्षरं आणि कुठल्या स्टेटची प्लेट. गाडीचा रंग, प्रकार, एखादा स्टिकर, फुटलेला दिवा. कुठल्या दिशेला गेली. मग ९११.

तुम्ही गाडीत असाल आणि कुणी मागे लागलं असेल तर घरी जाऊ नका, त्याला तुमचं घर दाखवू नका. पोलीस स्टेशन, फायर स्टेशन, नाहीतर उजेड आणि माणसं असलेला पेट्रोल पंप. दारं लॉक, काच वर, खाली उतरून जाब विचारायचा नाही, इथे किती जणांकडे बंदूक असते ते आपल्याला माहीत नसतं. डॅशकॅम घ्याच, पुढचा आणि मागचा. व्हिडिओबद्दल लोक घाबरतात की परवानगी लागते का, तर कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया अशा काही राज्यांमधे खाजगी संभाषण रेकॉर्ड करायला दोघांची संमती लागते, पण उघड्या रस्त्यावर ओरडणारा माणूस हे खाजगी संभाषण नव्हे. २०२२ मधे टेक्ससच्या प्लेनोमधे पार्किंग लॉटमधे चार भारतीय महिलांवर एका बाईने हल्ला केला, त्यांनी सगळं फोनवर घेतलं होतं, दुसऱ्या दिवशी अटक झाली.

आणि "आम्ही मुस्लिम नाही, आम्ही हिंदू" असं हल्लेखोराला सांगण्यात काही अर्थ नाही, ते चुकीचं तर आहेच (मग मुस्लिम असता तर चाललं असतं का?) पण उपयोगाचंही नाही. २०१७ मधे कॅन्ससमधे श्रीनिवास कुचिभोतला या हैदराबादच्या इंजिनिअरला ज्याने मारलं त्याला ते इराणी वाटले होते. एप्रिल २०१९ मधे कॅलिफोर्नियाच्या सनीव्हेलमधे, जिथे आपले कितीतरी लोक राहतात, एकाने रस्ता ओलांडणाऱ्यांवर गाडी घातली, आठ जण जखमी झाले, पोलिसांनी सांगितलं की ते मुस्लिम आहेत असं वाटून त्याने केलं, सगळ्यात गंभीर जखमी होती ती तेरा वर्षांची भारतीय वंशाची मुलगी. आयोवात डिसेंबर २०१९ मधे एका बाईने शाळेकडे चाललेल्या चौदा वर्षांच्या मुलीवर गाडी चढवली कारण ती मेक्सिकन वाटली, त्या बाईला पुढे ३०४ महिन्यांची शिक्षा झाली. फेडरल कायद्यात म्हणूनच लिहिलंय की तुमची खरी ओळख किंवा त्याने समजलेली ओळख, दोन्ही चालतं.

रिपोर्ट कसा करायचा

९११ तातडीसाठी. धोका टळला असेल तर त्याच शहराचा नॉन-इमर्जन्सी नंबर, तो आजच फोनमधे सेव्ह करा. इंग्रजी अडत असेल तर "मराठी इंटरप्रिटर" एवढे दोन शब्द म्हणा आणि लाइनवर थांबा, फोनवरून दुभाष्या जोडून देतात, मराठी नाही मिळाला तर हिंदी मागा.

ऑफिसर आला की क्रमाने सांगा, आधी काय केलं, मग काय बोलला. माझी चूक इथेच झाली होती. मग स्पष्ट विचारा, "यात बायसचा उल्लेख करणार का?" आणि तो शब्द वापरा, बायस, म्हणजे पूर्वग्रह. रिपोर्ट नंबर घेतल्याशिवाय सोडू नका आणि काही दिवसांनी कॉपी मागवून वाचा, शब्द गाळले असतील तर पुरवणी जबाब देता येतो. जखम झाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, मुका मार असला तरी, फोटो रोज काढा कारण निळं दोनतीन दिवसांनी उठतं. दुकानांचे कॅमेरे थोड्याच दिवसात पुसले जातात, म्हणून मॅनेजरला लगेच फुटेज ठेवायला सांगा आणि ऑफिसरलाही सांगा की कॅमेरा कुठे आहे.

स्थानिक पोलिसांनी दाद दिली नाही तर एफबीआय, १-८००-२२५-५३२४, किंवा न्याय खात्याच्या सिव्हिल राइट्स विभागाकडे ऑनलाइन तक्रार. वायोमिंग आणि साउथ कॅरोलिनात राज्याचा असा वेगळा हेट क्राइम कायदा नाही, तिथे हा रस्ता जास्त महत्त्वाचा. फेडरल कायदा २००९ चा आहे, दोन खुनांनंतर आलेला, आणि त्यातला एक जेम्स बर्ड यांचा, ज्यांना १९९८ मधे टेक्ससमधे तीन गोऱ्यांनी पिकअपला साखळीने बांधून फरफटत नेलं होतं.

"काही झालं नाही ना, जाऊ दे" हे आपल्या लोकांचं ठरलेलं वाक्य. ओक्लाहोमाच्या टल्सामधे एक लेबनीज कुटुंब राहायचं. शेजारी वर्षानुवर्षं त्यांना घाणेरडे अरब म्हणायचा. २०१५ मधे त्याने त्या घरातल्या आईला गाडीने उडवलं, ती वाचली. तुरुंगातून जामिनावर सुटला आणि १२ ऑगस्ट २०१६ ला मुलाला, खालिद जबाराला, दारात गोळी घातली. खालिदने त्या दिवशी थोडं आधी पोलिसांना फोनही केला होता. बरोब्बर एक वर्षाने त्याच तारखेला हेदर हायर गेली. आणि हे दोन्ही खून एफबीआयच्या हेट क्राइमच्या आकड्यात नव्हते, कारण आकडे पाठवणं पोलिसांवर बंधनकारक नाही. २०२१ मधे दोघांच्या नावाने कायदा झाला, नोंद सुधारण्यासाठी. कुटुंबाने तर सगळं केलं होतं, कोर्टाचा मनाई हुकूमसुद्धा घेतला होता, आणि तरी. म्हणून म्हणतो, शेजारी असेल तर पहिल्या प्रसंगापासून तारीखवार वही ठेवा आणि त्याला जामीन मिळतोय का यावर नजर ठेवा, बहुतेक राज्यांमधे आरोपी सुटला की फोन किंवा मेसेज येण्याची सोय आहे, वाइन (VINE) नावाची, त्यात नाव नोंदवा.

व्हिसाची भीती

तक्रार केली म्हणून व्हिसा जात नाही. ज्याच्यावर गुन्हा झाला त्याला उलट यू व्हिसा नावाचा एक मार्ग आहे, ठराविक गंभीर गुन्ह्यात मोठी शारीरिक किंवा मानसिक इजा झाली आणि पोलिसांना मदत केलीत तर, पण वर्षाला दहाच हजार आणि रांग फार लांब, त्यावर घर बांधू नका. जास्त तातडीचा प्रश्न डिपेंडंट व्हिसाचा आहे. श्रीनिवास गेले तेव्हा त्यांच्या पत्नी सुनयना दुमाला यांचं इथलं राहणंच धोक्यात आलं कारण ते नवऱ्याच्या एच-१बी वर अवलंबून होतं. तिथल्या लोकांनी आणि त्यांच्या खासदाराने धावपळ केली तेव्हा मार्ग निघाला. नवराबायको दोघांनी आपापली सगळी कागदपत्रं स्वतंत्र फोल्डरमधे ठेवा, एकमेकांना पासवर्ड माहीत हवा. प्रत्येक राज्यात गुन्ह्यात जखमी झालेल्यांसाठी भरपाई फंड असतो, त्याला मुदत असते, लवकर अर्ज करा. गाडीचा इन्शुरन्स असेल तर पायी चालताना लागलं तरी काही पॉलिसींमधे मिळतं, एजंटला विचारा.

आणि तुमचं स्वतःचं बोलणं. इथे आल्यावर मोकळं वाटतं, पण बोलण्याचं स्वातंत्र्य देणारी पहिली घटनादुरुस्ती सरकारला रोखते, तुमच्या कंपनीला नाही. पोस्टवरून नोकरी जाऊ शकते आणि नोकरीवर व्हिसा. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडिया अकाउंट पब्लिक करायला सांगतात. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्या धर्माबद्दल, काळ्या लोकांबद्दल जे फिरतं ते मी पाहिलंय, थांबवायला सांगितलंय, वाईटपणाही घेतलाय. ते मेसेजसुद्धा पुरावाच आहेत.

मोर्चा, मिरवणूक, गणपती

रस्त्यावर कार्यक्रम असेल तर आयोजकांना एकच विचारा, रस्ता कशाने बंद केलाय? फोर्थ स्ट्रीटच्या तोंडाशी एकच महिला ऑफिसर होती, गोंधळ वाढला तशी तिला हलवलं आणि मागे राहिला एक लाकडी अडसर. लाकडाने गाडी थांबत नाही. शहराकडून आडवे लावलेले मोठे ट्रक किंवा काँक्रीटचे ठोकळे मागा, ढोलताशा पथक असेल तर मुलांना मधे ठेवा, कडेला नाही. आंदोलनात जात असाल तर २०२१ मधे फ्लोरिडा, ओक्लाहोमा, आयोवा या राज्यांनी दंगलीच्या प्रसंगात ड्रायव्हरला काही प्रमाणात संरक्षण देणारे कायदे केलेत, मला ते भयंकर चुकीचे वाटतात, पण आहेत, त्यामुळे चालत्या रस्त्यावर उतरू नका.

आईबाबा आले की

हे शेवटी ठेवलं पण माझ्या मनात पहिलं आहे. सहा महिन्यांसाठी येतात, सकाळी सबडिव्हिजनमधे, म्हणजे घरांच्या वसाहतीत, फिरायला निघतात, आईच्या कपाळाला कुंकू, साडीवर स्वेटर, बाबा कानटोपीत. १९८७ मधे न्यू जर्सीत जर्सी सिटीला एक टोळी होती, नावच डॉटबस्टर्स, कपाळावरच्या टिकलीवरून. भारतीयांना हाकलायला आम्ही कुठल्याही थराला जाऊ असं पत्र त्यांनी स्थानिक पेपरला पाठवलं, छापून आलं. त्याच वर्षी तिथून जवळच हॉबोकनमधे नवरोज मोदी या तरुणाला पोरांच्या टोळक्याने मारून मारून संपवलं आणि शिक्षा झाली ती मारहाणीची, खुनाची नाही. १९९० मधे न्यू जर्सीने हेट क्राइमचा कायदा केला. आज त्याच राज्यातल्या एडिसनमधे संध्याकाळी निवांत कुंकू लावून फिरणाऱ्या आज्या दिसतात, तेव्हा मला ही गोष्ट आठवते. आईला टिकली काढायला मी सांगत नाही, सांगणारही नाही.

पण पहिल्याच दिवशी त्यांच्याबरोबर स्वतः एक फेरी मारा, कुठल्या बाजूने चालायचं ते पायाने दाखवा. फोनवर लोकेशन शेअरिंग चालू करा. ९११ लावून दाखवू नका, नुसतं कुठे दाबायचं ते शिकवा. खिशात कागद ठेवा, त्यावर घरचा पत्ता, तुमचा नंबर आणि इंग्रजीत एक ओळ, मला मराठी दुभाष्या हवा. आणि कुणी ओरडलं, काही फेकलं, गाडी जवळून नेली, तर संध्याकाळी ते सांगणार नाहीत, तुम्हाला टेन्शन नको म्हणून. त्यामुळे रोज विचारा, आज रस्त्यात कोण भेटलं?